अ‍ॅनाटॉमीच्या दिशा: पुस्तक बाजूला ठेवा अन् स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शिका

फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच चॅप्टरमधे अ‍ॅंटिरिअर, पोस्टेरिअर, मीडिअल, लॅटरल, प्रॉक्झिमल, डिस्टल असे वीस-पंचवीस शब्द एकदम समोर येतात आणि मराठी मिडीयमची पोरं तिथंच घाबरून जातात. मी नागपुरात नर्सिंग, फिजिओ आणि लॅब टेक्निशियनच्या फर्स्ट इयरच्या पोरापोरींना हा विषय शिकवते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेली हुशार पोरं असतात, बारावीला बायोलॉजीत चांगले मार्क असतात, पण या चॅप्टरला ते शब्द जोड्याजोड्यानं पाठ करत बसतात आणि मग वॉर्डात सिस्टर म्हणाल्या "लॅटरल साइडला उशी लाव" की हात जागीच थांबतो. पाठ करून हे येत नाही. हे शब्द म्हणजे दिशा आहेत आणि दिशा अंगात मुरावी लागते, म्हणून खाली जे लिहून राहिले ते वाचता वाचता स्वतःच्या अंगावर बोट ठेवून करा, मोठ्यानं बोलून करा, रूममधे कोणी पाहून राहिलं असेल तरी करा.

आधी उभे राहा. पाय जवळ, पावलं समोर, नजर समोर, हात दोन्ही बाजूला सरळ सोडलेले. शाळेतल्या सावधानमधे तळवे मांड्यांना चिकटतात, इथं ते समोर फिरवायचे, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला जातात. ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. पुढचा एकूण एक शब्द या उभ्या माणसावरून ठरतो.

तळवे समोरच काहून? कारण फोरआर्ममधे, म्हणजे कोपर ते मनगट या भागात, दोन हाडं आहेत, अंगठ्याच्या बाजूला रेडिअस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. तळवा समोर असला की दोन्ही शेजारी-शेजारी सरळ राहतात आणि तळवा मागं फिरवला की रेडिअस अल्नाला ओलांडून तिरपं जातं. डाव्या हातानं उजव्या फोरआर्मला मनगटाच्या थोडं वर पकडा आणि उजवा तळवा फिरवून पाहा, आतमधे हाड सरकताना बोटांना कळतं. आता हाडच जागा बदलून राहिलं तर "आतली बाजू, बाहेरची बाजू" कोणत्या भरवशावर सांगणार? म्हणून जगभरात एकच पोझिशन ठरलेली आहे, आणि पेशंट पालथा झोपलेला असो, कुशीवर असो, व्हीलचेअरवर हात मांडीवर ठेवून बसलेला असो, बोलताना मनात त्याला उभं करायचं, तळवे समोर करायचे, आणि मगच शब्द वापरायचा.

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो "वर" या शब्दाचा. डिसेक्शन हॉलमधे देह टेबलावर उताणा असतो, छाती छताकडे. पोरं छातीकडे बोट दाखवून म्हणतात "ही वरची बाजू" आणि लगेच सुपिरिअर लिहून मोकळे होतात. ती अ‍ॅंटिरिअर बाजू आहे, समोरची. सुपिरिअर म्हणजे डोक्याकडची, मग माणूस कसाही झोपलेला असो. त्या टेबलावर ज्यांचा देह असतो त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी तो आपल्याला शिकता यावं म्हणून दिलेला असतो. आपल्याकडे नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी कॉलेजात देहदान स्वीकारतात, आणि राज्यात यासाठी १९४९ पासून अ‍ॅनाटॉमीचा कायदा आहे. हॉलमधे हळू बोला, फोन बाहेर ठेवा, आणि निदान "वर-खाली" असे अंदाजपंचे शब्द तिथं वापरू नका.

दुसरी गोष्ट उजवा-डावा. उजवा म्हणजे नेहमी पेशंटचा उजवा. तुमचा नाही, फोटोतला नाही. पेशंट तुमच्यासमोर तोंड करून उभा असला की त्याचा डावा हात तुमच्या उजव्या बाजूला येतो, हे वाचताना सोपं वाटतं पण घाईत हमखास उलटं होते. छातीचा एक्स-रे पण तसाच लावतात, पेशंट जसा काही तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून हार्टचं टोक तुम्हाला तुमच्या उजव्या बाजूला दिसते. सीटी स्कॅनचे आडवे काप पायाकडून पाहिल्यासारखे दाखवतात, त्यामुळे लिव्हर, जे उजवीकडे असते, ते फिल्मवर तुमच्या डाव्या हाताला दिसते. एक्स-रेवर उजवा-डावाची खूण असते, आधी ती पाहायची सवय लावा, कारण काही लोकांचं हार्ट खरोखरच उजवीकडे असते, त्याला डेक्स्ट्रोकार्डिया म्हणतात, आणि खूण न पाहता फिल्म उलटी लावून "नॉर्मल" करून टाकली तर तो माणूस नोंदीतून सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मधे ऑपरेशनसाठी जी सेफ्टी चेकलिस्ट आणली तिच्यात पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं आणि जागा कोणती हे चीरा देण्याआधी मोठ्यानं बोलून पक्कं करायला सांगितलंय. डाव्या गुडघ्याऐवजी उजवा उघडला जाऊ शकतो, म्हणूनच हे लिहावं लागलं. तर आजपासून नुसतं "हात" म्हणू नका, "उजवा हात" म्हणा.

आता जोड्या घेऊ.

अ‍ॅंटिरिअर म्हणजे समोरचं, पोस्टेरिअर म्हणजे मागचं. गळ्यावर बोट ठेवा, मधोमध कडक कड्या लागतात ती ट्रॅकिया, श्वासनलिका. तिच्या बरोब्बर मागं अन्ननलिका आहे, म्हणजे ट्रॅकिया अन्ननलिकेच्या अ‍ॅंटिरिअर. ट्रॅकियाच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात, मागून उघड्या असतात, मागच्या बाजूला नरम स्नायू असतो, त्यामुळे मोठा घास गिळताना अन्ननलिकेला पुढं फुगायला जागा मिळते. असं एक कारण जोडलं की कोण पुढं कोण मागं हे विसरायला होत नाही. पुस्तकात व्हेंट्रल-डॉर्सल दिसलं तर माणसासाठी तोच अर्थ घ्या, व्हेंट्रल समोरचं, डॉर्सल पाठीकडचं. फक्त पाय इथं जपून: पावलाची वरची बाजू, जिथं चपलेचा पट्टा येतो, ती डॉर्सल, आणि तळपाय प्लॅंटर. तिथं एक नाडी लागते, डॉर्सॅलिस पेडिस. अंगठा वर उचला, जो टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताठ दिसतो त्याच्या लगेच लॅटरल, म्हणजे करंगळीकडच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा. शुगरच्या पेशंटचा पाय तपासताना ही नाडी बघतातच, आणि दोन्ही पायाची बघतात.

सुपिरिअर डोक्याकडे, इन्फिरिअर पायाकडे. डोळे नाकाच्या सुपिरिअर, हनुवटी ओठांच्या इन्फिरिअर. उजवी किडनी डावीपेक्षा थोडी इन्फिरिअर असते कारण तिच्या वर लिव्हर बसलेलं आहे. झालं, यात फार काही नाही.

मीडिअल आणि लॅटरल मात्र नीट घ्या. कपाळाच्या मधून बेंबीतून खाली एक उभी रेषा सोडा. त्या रेषेकडे जाणारं मीडिअल, तिच्यापासून दूर जाणारं लॅटरल. नाक डोळ्यांच्या मीडिअल, कान डोळ्यांच्या लॅटरल. हाताची करंगळी मीडिअल, अंगठा लॅटरल. इथं पोरं लगेच म्हणतात की मॅडम पायाचा अंगठा तर आतल्या बाजूला आहे. हो, पायाचा अंगठा मीडिअल आणि करंगळी लॅटरल, हातापेक्षा बरोब्बर उलटं. कारण आईच्या पोटात बाळाचे हातपाय आधी लहान फळीसारखे बाजूला फुटतात आणि मग हात बाहेरच्या दिशेनं फिरतात, पाय आतल्या दिशेनं फिरतात. म्हणून कोपर मागं वळलेलं आणि गुडघा पुढं, म्हणूनच गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी टिबिया मीडिअल आणि फिब्युला लॅटरल. आणि मीडिअन हा वेगळा शब्द आहे, मीडिअन म्हणजे त्या मधल्या रेषेवरच असलेलं, मीडिअल म्हणजे तिच्या बाजूचं.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला जी नाडी आपण बघतो ती रेडिअल, म्हणजे लॅटरल बाजूची. करंगळीच्या बाजूची अल्नर, मीडिअल, ती जरा दाबून शोधावी लागते. हातासाठी रेडिअल बाजू-अल्नर बाजू असंच बोललेलं बरं, कारण मग तळवा कुठंही फिरलेला असला तरी गोंधळ होत नाही. वॉर्डात तेच बोलतात.

घोट्याला हात लावा. दोन्ही बाजूला हाडाचा उंचवटा आहे, आतला मीडिअल मॅलिओलस, बाहेरचा लॅटरल मॅलिओलस. दोन्हीकडे एकाच वेळी बोट ठेवलं की कळते की बाहेरचा आतल्यापेक्षा खाली उतरलेला आहे. आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारी पट्टी) जाड आणि मजबूत, बाहेरची तुलनेनं कमजोर, त्यामुळे खड्ड्यात पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि बाहेरची बाजू सुजते. आतल्या मॅलिओलसच्या पुढून ग्रेट सॅफेनस व्हेन जाते, एमर्जन्सीत हातावर शीर सापडलीच नाही तर तिथं शोधता येते, आणि त्याच मॅलिओलसच्या मागं पोस्टेरिअर टिबिअल नाडी लागते. एका इंचाच्या हाडाच्या पुढं एक वस्तू आणि मागं दुसरी. दिशेचा शब्द चुकला तर सुई भलतीकडेच जाईल.

प्रॉक्झिमल-डिस्टल फक्त हातापायांसाठी आणि नळ्यांसाठी घ्या. हातपाय धडाला जिथं जोडलेले आहेत त्याच्या जवळचं प्रॉक्झिमल, लांबचं डिस्टल. नागपूरकरांनी बर्डीहून खापरीकडे जाणारी मेट्रो डोळ्यासमोर आणा: बर्डी म्हणजे खांदा. काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक, अशी स्टेशनं येतात. अजनी चौक हे रहाटे कॉलनीच्या डिस्टल पण छत्रपती चौकाच्या प्रॉक्झिमल. म्हणजे एकच स्टेशन डिस्टलही आणि प्रॉक्झिमलही, कशाच्या तुलनेत बोलता त्यावर अवलंबून. कोपराचं तेच: मनगटाच्या प्रॉक्झिमल, खांद्याच्या डिस्टल. "कोपर डिस्टल आहे" हे वाक्य अर्धं आहे, कशाच्या डिस्टल ते बोलल्याशिवाय सोडू नका. हा नियम सगळ्या जोड्यांना लागू आहे आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मार्क इथंच जातात.

सुपरफिशिअल म्हणजे कातडीच्या जवळ, डीप म्हणजे आत. याच्यासाठी कोपराची पुढची घडी सगळ्यात चांगली शाळा आहे, ब्लड काढणाऱ्यांनी आणि बीपी घेणाऱ्यांनी तर रोज इथं दहा मिनिटं घालवावी. कोपर थोडं वाकवा, तळवा वर करा आणि दुसऱ्या हातानं त्या तळव्याला थोडा विरोध करा. घडीच्या मधोमध दोरीसारखा कडक बायसेप्सचा टेंडन लागतो. त्याच्या लगेच मीडिअल बाजूला बोटं दाबा, धडधड लागते, ती ब्रेकिअल आर्टरी. बीपीचा स्टेथोस्कोप इथंच ठेवायचा, टेंडनवर नाही. आर्टरीच्या अजून मीडिअल बाजूला मीडिअन नर्व्ह. म्हणजे लॅटरलकडून मीडिअलकडे क्रम असा: टेंडन, आर्टरी, नर्व्ह. आणि ब्लड काढतो ती मीडिअन क्युबिटल व्हेन या सगळ्याच्या वर, सुपरफिशिअल, कातडीखाली लगेच. तिच्या आणि आर्टरीच्या मधे बायसेप्सपासून निघालेली एक पातळ पण चिवट पट्टी असते, ती आर्टरीला सुईपासून थोडंफार वाचवते. तरी सुई उभी घुसवायची नाही, तिरपीच घालायची, कारण त्या पट्टीच्या खाली काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. एकाच घडीत सुपरफिशिअल, डीप, मीडिअल, लॅटरल चारही शब्द आले आणि चारही कामाचे.

इंजेक्शनचं पण तसंच. कुल्ल्यावर देताना एका बाजूच्या कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे आणि सुपिरिअर-लॅटरल भागात, म्हणजे वरच्या-बाहेरच्या भागात द्यायचं, कारण सायटिक नर्व्ह खालून आणि आतल्या बाजूनं जाते. आता बरेच जण नितंबाच्या बाजूची व्हेंट्रोग्लुटिअल जागा पसंत करतात, तिथं मोठी नर्व्ह जवळ नसते. लहान बाळाला मांडीच्या अ‍ॅंटिरो-लॅटरल बाजूला, पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत असते ती हीच जागा. बीसीजी डाव्या दंडावर. दिशेचे दोन शब्द असे जोडून वापरतात, पोस्टेरो-लॅटरल, अ‍ॅंटिरो-मीडिअल, घाबरायचं कारण नाही, दोन दिशांच्या मधला कोपरा एवढंच.

इप्सिलॅटरल म्हणजे त्याच बाजूचं आणि कॉन्ट्रालॅटरल म्हणजे विरुद्ध बाजूचं. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात स्ट्रोक झाला की हातपाय डावे लुळे पडतात, कॉन्ट्रालॅटरल, कारण मेंदूतून खाली येणारे बहुतेक तंतू मेडुलात, म्हणजे मेंदूच्या खालच्या टोकाशी, बाजू बदलतात.

काप म्हणजे प्लेन तीन आहेत. सॅजिटल शरीराला उजवा-डावा असं कापते, बरोबर मधोमध असला तर मिड-सॅजिटल. कोरोनल पुढचं-मागचं वेगळं करते. ट्रान्सव्हर्स किंवा अ‍ॅक्सिअल वरचं-खालचं. पहिली दोन नावं कवटीच्या जोडांवरून लक्षात राहतात: डोक्यावर पुढून मागं मधोमध जाणारा जोड सॅजिटल सुचर, आणि जिथं हेअरबँड लावतो त्याच्या आसपास कानाकडून कानाकडे जाणारा कोरोनल सुचर. बोट फिरवा दोन्हीवरून आणि त्याच दिशेनं कापलं असं समजा. रेडिओलॉजीवाल्या पोरांना हे रोज लागणार, बाकीच्यांनी एवढं केलं तरी पुरे.

हालचालींचे शब्द पाठ करायला घेतले की फार कंटाळवाणे होतात म्हणून दिवसभर जे करता त्यालाच नाव द्या. ताटातून भाकरीचा तुकडा उचलताना तळवा खाली असतो, ते प्रोनेशन. घास तोंडाकडे नेताना कोपर वाकते, ते फ्लेक्शन, आणि तळवा तोंडाकडे फिरतो, ते सुपिनेशन. बायसेप्स हे दोन्ही करतो, म्हणून उजव्या हातानं स्क्रू घट्ट करायला जोर मिळतो आणि ढिला करताना तेवढा मिळत नाही, कारण घट्ट करताना सुपिनेशन होते. बाईकवर बोटांनी गिअर वर उचलला की घोट्यात डॉर्सिफ्लेक्शन, खाली दाबला की प्लॅंटरफ्लेक्शन. हात बाजूनं वर नेला, मधल्या रेषेपासून दूर, ते अ‍ॅबडक्शन, परत अंगाजवळ आणला ते अ‍ॅडक्शन. हे दोन शब्द ऐकायला इतके सारखे आहेत की फोनवर किंवा राउंडमधे बोलताना नुसता शब्द न टाकता "बाजूला नेताना दुखतं" असं पण जोडून सांगा. गुडघ्याचं फ्लेक्शन टाच मागं नेते आणि कोपराचं फ्लेक्शन मनगट पुढं आणते, हे वर सांगितलेल्या फिरण्यामुळेच.

आणि मांडी घालून बसा. आता हिपमधे फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन आणि लॅटरल रोटेशन तिन्ही आहेत, गुडघ्यात फ्लेक्शन. हे सगळं एकट्यानं करणारा स्नायू म्हणजे सार्टोरिअस, शरीरातला सगळ्यात लांब, कमरेच्या पुढच्या हाडापासून निघून मांडी तिरपी ओलांडत टिबियाच्या वरच्या टोकाच्या मीडिअल बाजूला येतो. हिप बदलून आलेल्या पेशंटला मांडी घालू नका, उकिडवं बसू नका असं काहून सांगतात हे फिजिओच्या पोरांनी इथून समजून घ्यावं. आपल्याकडे पंगतीत, देवघरात, शेतात सगळं खालीच बसून असते, त्यामुळे नुसतं "बसू नका" म्हणून चालत नाही, कोणती हालचाल टाळायची ते करून दाखवावं लागते.

पेशंटच्या पोझिशन. सुपाइन म्हणजे उताणा, प्रोन म्हणजे पालथा. फाउलर म्हणजे डोक्याकडचा पलंग उचलून अर्धवट बसवलेला, साधारण ४५ ते ६० अंश, अमेरिकन सर्जन जॉर्ज फाउलर यांच्या नावावरून. दम लागलेल्याला असं बसवतात कारण पोटातले अवयव खाली सरकतात आणि डायफ्रॅमला (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला) खाली उतरायला मोकळीक मिळते. ट्रेंडेलेनबर्गमधे उलट, डोकं खाली आणि पाय वर. लेफ्ट लॅटरल म्हणजे डाव्या कुशीवर, आणि याचं कारण प्रत्येक नर्सिंगच्या पोरीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे: पोटात मागं मणक्याला लागून दोन मोठ्या नळ्या आहेत, डावीकडे हार्टकडून रक्त आणणारी एओर्टा आणि उजवीकडे हार्टकडे रक्त परत नेणारी इन्फिरिअर व्हेना कॅव्हा. शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई उताणी झोपली की गर्भाशयाचं वजन त्या व्हेना कॅव्हावर पडते, हार्टकडे रक्त कमी परत येते, बीपी पडते, चक्कर येते, घाम फुटतो. डाव्या कुशीवर वळवलं की वजन उजवीकडच्या नळीवरून सरकते. एनिमा पण डाव्या कुशीवरच देतात, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, सिग्मॉइड, डावीकडे आहे आणि पाणी उतारानं आत जाते.

पोटाचे भाग दोन तऱ्हेनं करतात. सोपी तऱ्हा, बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा, चार भाग. उजवा-वरचा: लिव्हर, पित्ताशय. डावा-वरचा: जठर, स्प्लीन (प्लीहा). उजवा-खालचा: अपेंडिक्स. डावा-खालचा: सिग्मॉइड. दुसरी तऱ्हा नऊ भागांची, दोन उभ्या रेषा कॉलरबोनच्या मधून खाली आणि दोन आडव्या, एक बरगड्यांच्या खालच्या काठाला आणि एक कमरेच्या हाडांच्या उंचवट्यांवरून. मधली ओळ वरून खाली एपिगॅस्ट्रिअम, अंबिलिकल, हायपोगॅस्ट्रिअम. दोन्ही बाजूला वर हायपोकॉंड्रिअम, मधे लंबर, खाली इलिअक. आंघोळ झाल्यावर स्वतःच्या पोटावर पेनानं ह्या रेषा काढा, एकदा काढल्या की पुन्हा चार्ट लागत नाही.

अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा आधी बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजव्या इलिअक भागात सरकते. कमरेच्या उजव्या पुढच्या टोकदार हाडापासून बेंबीपर्यंत रेषा काढली तर हाडाकडून एक तृतीयांशावरचा बिंदू, मॅकबर्नीचा पॉइंट, तिथं दाबलं की दुखते. स्प्लीनचं आपल्या विदर्भातल्या पोरांनी जास्त लक्ष देऊन करावं, इथं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, गडचिरोलीकडे मलेरिया आहे, लहान मुलांची मोठी झालेली स्प्लीन तुम्हाला खरोखर हाताला लागणार आहे. नॉर्मल स्प्लीन डावीकडे ९, १०, ११ या बरगड्यांच्या आड लपलेली असते, हाताला लागत नाही. वाढली की सरळ खाली न येता तिरपी बेंबीकडे आणि पुढं उजव्या इलिअक भागाकडे सरकते. म्हणून तपासताना हात उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करून डाव्या-वरच्या दिशेनं न्यायचा. बरगडीपासूनच सुरू केलं तर फार मोठी स्प्लीन हाताखालीच असते आणि तिचा काठ सापडत नाही.

छातीवर बरगड्या मोजायची एकच पक्की जागा आहे. गळ्याखालच्या खळगीपासून बोट छातीच्या हाडावरून खाली आणा, साधारण चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूला सरकलं की दुसरी बरगडी. तिच्या खालची फट ती दुसरी इंटरकोस्टल स्पेस, तिथून खाली मोजत जा. चौथ्या स्पेसमधे छातीच्या हाडाच्या उजव्या काठाला ईसीजीची तार लावायची पहिली जागा, व्ही १, डाव्या काठाला व्ही २. पाचव्या स्पेसमधे डाव्या कॉलरबोनच्या मधल्या रेषेवर व्ही ४, व्ही २ आणि ४ च्या मधे व्ही ३. व्ही ४ च्याच पातळीत काखेच्या पुढच्या रेषेवर व्ही ५ आणि काखेच्या मधल्या रेषेवर व्ही ६. हार्टचा ठोका पण पाचव्या स्पेसमधेच लागतो, डाव्या कॉलरबोनच्या मधल्या रेषेच्या किंचित मीडिअल. पहिली बरगडी कॉलरबोनखाली लपलेली असते म्हणून वरून मोजायला जाऊ नका, अँगलवरूनच मोजा.

हे सगळं हाताला बसलं की नाही हे तपासायचं असेल तर जोडीदारणीसोबत लिहायचा सराव करा. स्वतःच्या हातावर पेनानं एक खूण करा, तिला न दाखवता कागदावर लिहा: "उजव्या फोरआर्मच्या अ‍ॅंटिरिअर बाजूला, कोपराच्या घडीपासून ५ सेंटिमीटर डिस्टल, मधल्या उभ्या रेषेपासून १ सेंटिमीटर मीडिअल, आडवी, २ सेंटिमीटर लांब." फक्त कागद तिला द्या आणि तिच्या हातावर तीच खूण करायला सांगा, मग दोन्ही हात शेजारी ठेवा. खुणा जुळल्या नाहीत तर तिला दोष देऊ नका, कागद पुन्हा वाचा. बहुतेक वेळा उजवा-डावा राहिलेला असतो, नाहीतर सेंटिमीटर कुठून मोजायचे तेच लिहिलेलं नसते. मोजायला नेहमी हाड किंवा घडी धरा, कातडीवरचा तीळ नाही, अन् मग हाच खेळ पायावर, पाठीवर आणि पालथं झोपून करा.